चारचाकीचा हिशेब : लागण एकदा, खोडवा अनेक वर्षे



उसाची पहिली उचल बँकेत जमा झाली की गट कार्यालयात आमच्याकडे दोन प्रकारचे प्रश्न येतात. पहिला खोडव्याचा : पाचट ठेवू का, बगला कधी फोडू, पहिला डोस कधी टाकू. त्याचे उत्तर देणे हे आमचे कामच आहे. दुसरा प्रश्न जरा आवाज खाली करून विचारला जातो. "साहेब, यंदा गाडी घ्यायची म्हणतोय. कोणती घेऊ?"

आम्हाला गाड्यांचा नाद आहे ही गोष्ट शेतकी खात्यात लपून राहिलेली नाही. शिवारफेरीला जाताना कुठे बॉनेट उघडे टाकून जीप उभी दिसली की आमची मोटारसायकल आपोआप थांबते. तेव्हा लोकांनी विचारावे यात नवल नाही. पण एकेकाला बांधावर उभे राहून सांगण्यापेक्षा सर्वांसाठी एकदा लिहून काढावे, म्हणून हा पाठ.

लिहिण्याला आणखी एक कारण घडले. आमच्या गटातील एका कष्टाळू सभासदाने नवी गाडी घेतली. हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला. उसाचे दुसरे बिल थोडे लांबले. खतासाठी बाजूला ठेवलेले पैसे हप्त्याला गेले आणि खोडव्याचा डोस दीड महिना उशिरा पडला. आम्ही प्लॉटवर गेलो तेव्हा दारात गाडी चकचकीत उभी होती आणि रानात खोडवा पिवळा पडला होता. त्या सभासदाला गाडीने अडचणीत आणले नाही, आधी हिशेब न मांडल्याने आणले. गाडी घेऊ नका असे सांगणारे आम्ही नव्हे. एकराचा हिशेब मांडता तसा गाडीचाही मांडा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

टंचाईच्या दिवसांतली सवय

आपल्या ऊसवाल्यांचा आणि मोटारीचा संबंध जुना आहे. वालचंदनगरचा साखर कारखाना उभा करणारे वालचंद हिराचंद यांनीच १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट आणि पद्मिनी गाड्या बाहेर पडल्या. दुसरी गाडी म्हणजे अँबॅसडर, बंगालमधील उत्तरपाड्याची. त्या काळात परवान्याबाहेर गाड्या काढता येत नसत. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट बघावी लागे, आणि नंबर लागलेली गाडी दुसऱ्या दिवशी जास्त पैशाने विकली जाई. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली तेव्हा कुठे चित्र पालटू लागले. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ साली बंद झाले.

हे सांगण्याचे कारण एवढेच की, त्या टंचाईच्या दिवसांत विक्रेता गाडी "देत" होता आणि आपण हात जोडून "घेत" होतो. आज विक्रेत्याच्या आवारात गाड्या उभ्या असतात, त्यांच्यात अडकलेल्या पैशावर त्याला व्याज भरावे लागते, आणि महिनाअखेरीस ठरलेल्या गाड्या खपवणे ही त्याची गरज असते. तरी आपली सवय अजून जुनीच. शोरूममध्ये गार हवेत बसवून चहा दिला की आपण ओशाळतो आणि समोर येईल त्या कागदावर सही करतो. अहो, हाच माणूस कारखान्याच्या काट्यावर दहा किलोचा फरक पडला तर चिठ्ठी हातात घेऊन भांडतो! तीच नजर शोरूममध्ये न्या.

कोटेशन ही काट्याची पावती समजा

"ऑन-रोड इतके" असा एकच आकडा कधीही मान्य करू नये. लेखी कोटेशन मागावे आणि प्रत्येक ओळ स्वतंत्र वाचावी.

गाडीची मूळ शोरूम किंमत कंपनी ठरवते आणि तीत जीएसटी धरलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या लहान गाड्यांवर (पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० सीसीपर्यंत) हा कर १८ टक्के आणि त्याहून मोठ्या गाड्यांवर ४० टक्के आहे. रस्ता कर व नोंदणी शुल्क सरकारात जाते. त्याची सरकारी पावती मिळते, ती मागून घ्यावी. डिझेल गाडीला पेट्रोलपेक्षा रस्ता कर जास्त पडतो, हे लक्षात ठेवावे.

यापुढच्या ओळींवर पेन टेकवून थांबा. "हँडलिंग", "लॉजिस्टिक", "फॅसिलिटेशन" अशा नावाने काही हजार रुपये लावलेले असतात. ते कशासाठी, असे सरळ विचारावे. विक्रेत्याने गाडी आपल्या आवारात आणणे हा त्याच्या धंद्याचा भाग आहे, त्याची वेगळी किंमत आपण का द्यावी? ठाम विचारले की ही ओळ बहुधा खोडली जाते. ॲक्सेसरीजचे पॅकेजही असेच. पायपोस, सीट कव्हर, कडेच्या पट्ट्या बाहेर कितीला मिळतात ते आदल्या दिवशी बाजारात विचारून जावे.

विमा शोरूममधूनच घ्यावा अशी सक्ती नाही. सप्टेंबर २०१८ पासून नव्या चारचाकीचा तृतीय पक्ष विमा एकदम तीन वर्षांचा काढावा लागतो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा मात्र वर्षावर्षाचा घेता येतो. बाहेरच्या दोन कंपन्यांचे दर काढून नेले की शोरूमचा आकडाही खाली येतो, हा आमचा नेहमीचा अनुभव.

आता गाडी बघणे. पैसे पूर्ण भरण्याआधी आणि नोंदणी होण्याआधी गाडी दिवसाउजेडी बघून घ्या. एकदा आरटीओत नोंद झाली की तुम्ही "पहिले मालक" झालात, मग ओरखडा दिसला तरी बदलून मिळत नाही. चासी क्रमांक लिहून घ्या. गाडी कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षी तयार झाली ते विचारा. नोंदणी पुस्तकावर तो महिना छापला जातो, त्यामुळे तो लपत नाही. डिसेंबरमध्ये तयार झालेली गाडी जानेवारीत घेतली, तर विकताना बाजार तिला एक वर्षाने जुनी धरतो. अशी गाडी घ्यायला हरकत नाही, पण मग किमतीत तेवढी सूट मागायला लाजू नये. टायरच्या बाजूवर चार आकडे उमटवलेले असतात. ३२२५ असेल तर टायर २०२५ सालच्या ३२ व्या आठवड्यात बनला. चारही टायर आणि स्टेपनी तपासा. बेण्याचे वय विचारता ना, तसेच हे.

हप्ता महिन्याचा, ऊस वर्षाचा

नोकरदाराचा पगार महिन्याला येतो म्हणून त्याच्या कर्जाचा हप्ताही महिन्याचा. आपले उत्पन्न वर्षातून दोन-तीन वेळा येते. गाडीच्या कर्जात आपला शेतकरी फसतो तो मुख्यतः इथे.

हिशेबापुरते धरू की गाडी रस्त्यावर येईपर्यंत ८ लाख रुपये पडली, २ लाख तुमचे आणि ६ लाखांचे कर्ज. दर शेकडा १० आणि तो घटत्या शिलकेवर.

५ वर्षांची मुदत : हप्ता सुमारे १२,७५० रुपये, एकूण व्याज सुमारे १ लाख ६५ हजार.

७ वर्षांची मुदत : हप्ता सुमारे ९,९६० रुपये, एकूण व्याज सुमारे २ लाख ३७ हजार.

"हप्ता तीन हजारांनी कमी करून देतो" असे विक्रेता म्हणतो तेव्हा तो तुमच्याकडून ७२ हजार जास्त घेणार असतो. आणि "फ्लॅट" व्याज म्हणाले तर आणखी सावध व्हा. १० टक्के फ्लॅट म्हणजे तुम्ही फेडलेल्या रकमेवरही पाच वर्षे व्याज. तिथे व्याज ३ लाख होते, हप्ता १५,००० पडतो, आणि खरा दर सतरा टक्क्यांच्या वर जातो. "दर घटत्या शिलकेवर आहे का?" हा एक प्रश्न सव्वा लाखाहून अधिक वाचवतो.

आमची सूचना अशी. बँकेत सहामाही किंवा वार्षिक हप्ता मिळतो का ते आधी विचारा. ट्रॅक्टरच्या कर्जात तो सर्रास मिळतो. गाडीला मिळाला तर उत्तमच. नाही मिळाला तर पहिली उचल आल्या दिवशी बारा महिन्यांच्या हप्त्यांची रक्कम वेगळ्या खात्यात टाका आणि त्या खात्याला हात लावू नका. तेवढी रक्कम वेगळी काढल्यावर खत, पाणीपट्टी, सोसायटी आणि घरखर्च भागत नसेल, तर यंदा गाडी घेण्याचे साल नाही, असे समजावे.

लागण आणि खोडवा

आता मुख्य हिशेब. वर्षाला ६,००० किलोमीटर चालणारी, १५ किलोमीटरला एक लिटर पेट्रोल खाणारी गाडी धरू. पेट्रोल १०५ रुपये लिटर धरले तर वर्षाला ४०० लिटर, म्हणजे ४२,००० रुपये. बहुतेक जण एवढाच खर्च मोजतात. बाकीचा बघा.

पाच वर्षांत गाडीची किंमत निम्म्यावर आली असे धरले, तर घट वर्षाला ८०,००० रुपये. व्याज वर्षाला सरासरी ३३,०००. विमा २०,०००. देखभाल १५,०००. पेट्रोल ४२,०००. एकूण १ लाख ९० हजार रुपये. भागिले ६,०००, म्हणजे किलोमीटरला ३१ रुपये ६७ पैसे. आपल्या गावातल्या भाड्याच्या गाडीचा किलोमीटरचा दर काय आहे ते यापुढे लिहून बघा.

याच रकमेचा ऊस करू. तोडणी-वाहतूक जाऊन टनाला ३,००० रुपये हातात पडले असे धरले, तर १ लाख ९० हजार म्हणजे ६३ टन. एकरी ४० टनांनी दीड एकराहून जास्त उसाचे सगळे बिल, तेही मशागत, खत आणि पाणी वजा न करता. दीड एकर ऊस दरसाल गाडीच्या नावाने लावायचा, असा त्याचा अर्थ.

आता तीच गाडी दहा वर्षे ठेवली तर? दहा वर्षांनी दीड लाख आले असे धरू. घट वर्षाला ६५,०००. व्याज दहा वर्षांवर विभागून १६,५००. विमा सरासरी १५,०००. देखभाल वाढून २५,०००. पेट्रोल ४२,०००. एकूण १ लाख ६३ हजार ५००. देखभालीला दहा हजार जास्त धरूनही वर्षाला साडेसव्वीस हजार वाचतात.

उसात लागणीचा खर्च मोठा : नांगरट, सरी, बेणे, लावणीची मजुरी. खोडव्याला हे काही लागत नाही, म्हणून नीट राखलेला खोडवा पैसा देतो. गाडीचेही तेच आहे. किमतीतली मोठी घट पहिल्या वर्षांत होते. विम्याच्या कोष्टकातच बघा : एक वर्ष पुरे होईपर्यंत १५ टक्के, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५० टक्के घट धरतात. जो दर चार वर्षांनी गाडी बदलतो तो दर वेळी लागणीचा खर्च करतो आणि खोडवा मोडून टाकतो.

पण खोडवा नुसता ठेवून भागत नाही, राखावा लागतो. आपल्या गाड्या कमी चालतात, म्हणून "किलोमीटर कुठं झालेत?" असे म्हणून इंजिन ऑईल दोन-दोन वर्षे बदलले जात नाही. कंपनीच्या पुस्तकात किलोमीटर आणि महिने दोन्ही दिलेले असतात, त्यांतले जे आधी भरेल ते धरायचे. उलट सर्व्हिसिंगला गेल्यावर इंजिन फ्लशिंग, कोटिंग, एसीचे निर्जंतुकीकरण अशी यादी पुढे येते. पुस्तकात त्या टप्प्याला जे लिहिले असेल तेवढेच करावे. माती परीक्षण न करता कोणी सूक्ष्म अन्नद्रव्यांची पोती खपवायला आला तर आम्ही तुम्हाला काय सांगतो? तेच इथे लागू. आणि हो, उसाच्या फडाशेजारी किंवा वैरणीजवळ गाडी लावणाऱ्यांनी आठवड्यातून एकदा बॉनेट उघडावे. उंदीर वायरी कुरतडतात.

पेट्रोल की डिझेल?

डिझेल स्वस्त, हे जुने गणित अजून आपल्या डोक्यात आहे. हिशेबापुरते पेट्रोल गाडी किलोमीटरला ७ रुपये आणि डिझेल गाडी ५ रुपये खाते असे धरा. फरक २ रुपये. डिझेल गाडी १ लाख २० हजारांनी महाग असेल तर फरक भरून निघायला ६०,००० किलोमीटर लागतात. वर्षाला सहा हजार चालणाऱ्याला दहा वर्षे!

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले. तेव्हापासून डिझेल मोटारींच्या धुराड्यात काजळी धरणारी गाळणी बसवलेली असते. ती काजळी जळून साफ होण्यासाठी गाडी अधूनमधून मोठ्या रस्त्यावर चांगल्या वेगाने वीस-पंचवीस मिनिटे पळावी लागते. घर ते मळा, मळा ते कारखाना असा चार-चार किलोमीटरचा फेरा मारणाऱ्या गाडीची गाळणी तुंबते आणि तिचा खर्च जड पडतो. म्हणून आमचे मत : पुण्या-मुंबईला वारंवार जाणारा, वर्षाला वीस हजारांच्या घरात चालणारा असेल त्यानेच डिझेल घ्यावे. इतरांनी पेट्रोल, किंवा जवळ पंप असेल तर सीएनजी.

विक्रेत्याने सांगितलेले मायलेज हे प्रयोगशाळेत रोलरवर गाडी चालवून काढलेले असते. पुण्यातील एआरएआय या संस्थेचे नाव तुम्ही जाहिरातीत वाचले असेल. आकडा खोटा नसतो, पण तिथे ना खड्डे असतात, ना चिखल, ना पाचवे माणूस. हिशेबात पाचवा हिस्सा कमी धरावा.

टाकीतला आपला ऊस

पेट्रोलचा विषय निघाला की इथेनॉलचा निघणारच. २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये विक्रीस आले आणि २०२५ पर्यंत देशभर तेच नेहमीचे पेट्रोल झाले. त्यातले सगळे इथेनॉल उसाचे नसते, मका आणि तांदळाचेही असते. पण वरच्या हिशेबातील ४०० लिटरमध्ये ८० लिटर इथेनॉल आले. थेट रसापासून केले तर टनाला साधारण ७० लिटर मिळते. म्हणजे वर्षाला एक टनाहून थोडा जास्त ऊस तुमच्या टाकीतून जातो.

आपलाच माल म्हणून त्याचे नुसते गुणगान करणे बरे नव्हे. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश एवढीच ऊर्जा असते. म्हणून मायलेज थोडे घटते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात, जुन्या घडणीच्या चारचाकीला ६ ते ७ टक्के आणि या इंधनासाठी जुळवलेल्या चारचाकीला १ ते २ टक्के घट होईल असे म्हटले आहे. वर्षाला ४०० लिटर जाळणाऱ्या जुन्या गाडीला हे २५ ते ३० लिटर पडते. ज्याची तक्रार आहे त्याची तक्रार खरी आहे, ती हसण्यावारी नेऊ नये.

१ एप्रिल २०२३ नंतर तयार झालेल्या गाड्यांचे रबरी व प्लॅस्टिकचे भाग या पेट्रोलला टिकतील असे घडवलेले आहेत. त्याआधीच्या गाडीचे पुस्तक वाचा. खूप जुनी असेल तर सर्व्हिसिंगच्या वेळी पेट्रोलच्या रबरी नळ्या व फिल्टर बघून घ्या, नळी फुगली किंवा भेगाळली असेल तर लगेच बदला. इथेनॉल पाणी ओढते. म्हणून अर्धी टाकी ठेवून गाडी महिनेमहिने उभी करू नये, आणि पावसाळ्यात टाकीचे झाकण घट्ट लागते ना ते पाहावे.

जुनी गाडी : कोणता खोडवा घ्यावा?

कमी चालवणाऱ्या सभासदाने तीन-चार वर्षांची जुनी गाडी घ्यावी, असे आम्ही नेहमी सुचवतो. लागणीचा खर्च पहिल्या मालकाने सोसलेला असतो. पण गवताळ वाढीचा खोडवा कोणी ठेवतो का? तेव्हा आधी रोग तपासा.

सर्व्हिसिंगची बिले मागा आणि त्यांवरचे किलोमीटर ओळीने लावून बघा. मीटरवर तीस हजार आणि क्लचच्या पायट्याचे रबर गुळगुळीत, स्टिअरिंग झिजून चकाकते, असे असेल तर आकडा फिरवलेला आहे. इंजिन थंड असताना गाडी सुरू करायला लावा. गरम करून ठेवलेल्या गाडीचे दुखणे लपते.

पुरातली गाडी ओळखायला शिका. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कोल्हापूर-सांगली भागात कितीतरी गाड्या पाण्यात गेल्या. अशी गाडी धुऊन-पुसून दूरच्या बाजारात येते. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा, आतल्या टोकाला गाळाची रेघ दिसते. सीटच्या खालचे बोल्ट गंजलेले दिसतात. काचा बंद करून थोडा वेळ बसलात की कुबट वास सांगून जातो. आणि आपली गाडी पाण्यात सापडली तर चावी फिरवू नका. इंजिनात पाणी असताना सुरू केले की आतले दांडे वाकतात, आणि "तुम्हीच सुरू केले" म्हणून विमा कंपनी इंजिनाचा दावा नाकारू शकते. गाडी ओढून न्यावी.

विकताना सही, पण स्टॅम्पवर नव्हे

हा भाग सर्वांत महत्त्वाचा. आपल्याकडे जुनी जीप विकायची पद्धत अशी : स्टॅम्पपेपरवर दोन ओळी, दोन साक्षीदार, पैसे मोजून घेतले, चावी दिली, चहा झाला. नाव आरटीओत तसेच. कायद्याने मालक कोण? ज्याचे नाव नोंदणी पुस्तकात तो. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका अपघाताच्या प्रकरणात हेच ठरवले. त्यात गाडी पहिल्या मालकाने विकली होती आणि पुढे आणखी हातोहात गेली होती. तरी नोंद त्याच्याच नावावर होती म्हणून भरपाईची जबाबदारी त्याच्यावर आली. भरपाई लाखांत जाते, आणि ती फेडताना जमिनीकडे बघायची वेळ येते.

म्हणून गाडी विकली की नमुना २९ आणि ३० भरून द्या. त्याच राज्यात विक्री असेल तर १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवणे हे विकणाऱ्याचे काम आहे. नाव बदललेल्या पुस्तकाची प्रत हातात येईपर्यंत काही रक्कम अडकवून ठेवा. कर्ज फिटले की बँकेचा ना-हरकत दाखला आणि नमुना ३५ देऊन पुस्तकावरचा बोजा उतरवून घ्या, दाखला ट्रंकेत ठेवून उपयोग नाही. विम्यावर साठलेली "नो क्लेम" सूट गाडीची नसते, मालकाची असते. ती पहिल्या वर्षी २० टक्के आणि वाढत ५० टक्क्यांपर्यंत जाते. जुनी विकताना तिचा दाखला घेतला तर नव्या गाडीला लागू होते.

आणखी एक. खासगी गाडी भाड्याने, वऱ्हाड न्यायला किंवा मजूर वाहायला दिली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी अंग काढून घेऊ शकते. शेजारधर्म वेगळा, भाडे वेगळे.

शेवटी

रंग, काचेचे छत, मोठी चाके यांवर खर्च करण्याआधी हवेच्या पिशव्या, चांगले ब्रेक आणि चांगले दिवे बघा. ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशातही गाड्यांना धडक चाचणीचे तारे दिले जातात, ते विचारून घ्या. हंगामात रात्री रस्त्यावर दिवा नसलेली उसाची ट्रॉली कुठे उभी असेल सांगता येत नाही. ती ट्रॉलीही आपलीच, आणि तिच्यावर आदळणारी गाडीही आपल्यातल्याच कोणाची तरी. म्हणून गाडीवाल्यांनी वेग आवरावा आणि ट्रॉलीवाल्यांनी मागे रिफ्लेक्टर लावावा, ही दोघांनाही विनंती.

ज्या वहीत लागणीची तारीख, खताचे डोस आणि टनेज लिहिता, त्याच वहीच्या शेवटच्या चार पानांवर गाडी लिहा : घेतल्याची तारीख, हप्ता, पेट्रोल, ऑईल, विमा संपण्याची तारीख. वर्षाअखेर बेरीज करून किलोमीटरने भागा. वही घेऊन गटात या, आकडे आपण मिळून बघू. येताना खोडव्याला डोस पडला की नाही, तेही सांगा. ते आम्ही आधी विचारणार आहोत.